असेंब्ली सिम्प्लिफाय रात्री आपोआप: चालवणं सोपं, भरवसा ठेवणं अवघड

असेंब्ली, म्हणजे कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पार्ट जोडून बनवलेलं मशीनचं मॉडेल, जड झाली की सगळ्यांना आधी रॅम आठवते. रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड बदला, एसएसडी टाका. चालतंही थोडे दिवस. पण ज्या लेआउटवाल्याला आपलं मशीन त्याच्या शेडमध्ये बसतंय की नाही एवढंच बघायचंय त्याला बेअरिंगचे बॉल, केबल ग्लँडच्या आतलं रबर आणि नेमप्लेटवरची कोरलेली अक्षरं कशाला पाहिजेत? त्याला पाहिजे बाहेरचा आकार, पाय कुठे टेकतात, पाइप कुठे जोडायचा, केबल कुठून आत येणार आणि दार उघडल्यावर किती जागा खातं. बाकी सगळं त्याच्यासाठी ओझं.

म्हणून मग सिम्प्लिफाय केलेलं, म्हणजे नको तो तपशील काढून हलकं केलेलं मॉडेल. हे करायला प्रत्येक कॅडमध्ये काही ना काही आहेच. सॉलिडवर्क्समध्ये डीफीचर आणि स्पीडपॅक, क्रिओमध्ये श्रिंकरॅप, इन्व्हेंटरमध्ये आधी श्रिंकरॅप होतं ते २०२२ च्या व्हर्जनपासून सिम्प्लिफाय कमांडमध्येच गेलं, एनएक्स आणि सॉलिड एजमध्येही आपापली टूल्स आहेत. हाताने करायला फार वेळ लागत नाही. खरी पंचाईत नंतर होते, कारण हाताने केलेलं मॉडेल करणाऱ्याच्या डोक्यात एकदाच होतं आणि मूळ डिझाइन मात्र पुढे चालत राहतं, रिव्हिजन ए ची बी होते, बी ची सी होते, मोटर बदलते, पॅनल डावीकडचा उजवीकडे जातो, आणि लेआउटमध्ये अजून तोच जुना ठोकळा बसलेला असतो आणि कोणालाही पत्ता नसतो. जड मॉडेलचा निदान राग तरी येतो हो, शिळं मॉडेल मस्त पटकन उघडतं म्हणून त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही.

तर मग आपोआप करा, रात्री जॉब (स्क्रिप्टने आपोआप चालणारं काम) लावा, सकाळी सगळं ताजं तयार. इथपर्यंत सगळे येतात. माझं म्हणणं इतकंच आहे की जॉब लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि लोक नेमका त्याच्यावरच सगळा वेळ घालवतात. अवघड आहे ते असं, की रात्री कोणी बघत नसताना बनलेल्या मॉडेलवर सकाळी डोळे झाकून मेट (एक पार्ट दुसऱ्याशी जागेवर पकडून ठेवणारं बंधन) लावता आला पाहिजे. तो भरवसा कुठून येतो ते बघू.

आधी जडपणाचं गणित नीट समजून घ्या, कारण नियम त्याच्यावरून ठरतात. साधा हेक्स बोल्ट, थ्रेड न काढलेला, त्याचे डझनभर फेस, म्हणजे पृष्ठभागाचे वेगवेगळे तुकडे, धरा. वॉशरचे चार, असे दोन वॉशर, नटचे नऊ-दहा. एक सेट म्हणजे ढोबळमानाने ३० फेस. असे ५०० सेट असले की १५ हजार फेस झाले आणि अजून मशीनचा एकही खरा पार्ट आपण मोजलेला नाही. त्यात कोणी हौशी माणसाने हेलिक्स घेऊन खरे थ्रेड काढले असतील तर विचारूच नका. मग येतात सप्लायरच्या साइटवरून उतरवलेले कनेक्टर, सेन्सर, टर्मिनल ब्लॉक. त्यांच्यावर कंपनीचा लोगो एम्बॉस केलेला, प्रत्येक अक्षराचे डझनावारी छोटे छोटे फेस, आणि असा एक टर्मिनल ब्लॉक रेलवर शंभर वेळा.

आता गंमत बघा. असेंब्लीमध्ये तो बोल्ट ५०० वेळा असला तरी जॉमेट्री एकच असते, फाइल एकच, बाकी फक्त कुठे आणि कोणत्या दिशेने बसलाय याची नोंद. तुम्ही ती असेंब्ली एका पार्टमध्ये वितळवली, म्हणजे सगळं मिळून एक मल्टीबॉडी पार्ट केला आणि बोल्ट काढले नाहीत, तर तिथे बहुतेक वेळा ५०० वेगळ्या बॉडी (सुटे घन आकार) होतात. शेअरिंग गेलं. म्हणून कधीकधी सिम्प्लिफाय केलेली फाइल मूळ असेंब्लीच्या फाइलपेक्षा मोठी निघते आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. सॉफ्टवेअरचा दोष नाही, क्रम चुकलाय. आधी पार्ट उडवायचे, मग उरलेल्या पार्टमधली भोकं, फिलेट (गोल केलेल्या कडा), चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा), पॉकेट उडवायची, मग मर्ज. उलट केलं की जो बोल्ट जाणारच आहे त्याच्या फिलेट काढत मशीन रात्रभर बसतं.

पार्ट उडवायचे दोन ठोकळ मार्ग, साइजने आणि दिसतोय का नाही यावरून. साइजचा नियम म्हणजे ज्या पार्टचा बाउंडिंग बॉक्स (पार्ट जेमतेम मावेल असा चौकोनी खोका) अमुक मिलिमीटरपेक्षा छोटा तो बाहेर. फास्टनर जायला एकदम मस्त. पण प्रॉक्सिमिटी सेन्सर पण छोटाच असतो, ग्रीस निपल पण छोटा, आणि ते दोन्ही मेंटेनन्सवाल्याला दिसायलाच पाहिजेत कारण त्याचा हात तिथे पोचला पाहिजे. दिसण्याच्या नियमाला दुसरा रोग. उघड्या फ्रेमचं मशीन असलं की फटीतून सगळंच थोडंथोडं दिसतं, म्हणून काहीच उडत नाही, आणि बंद कॅबिनेट असलं की सगळंच उडतं, मग दार उघडून आत जागा मोजायची असेल तर आत पोकळी. पारदर्शक गार्ड असेल तर तुमचं टूल त्याला काच समजतं की भिंत हे आधी एकदा करून बघा, टूलनुसार फरक पडू शकतो आणि आपल्याला तो सकाळी ग्राहकासमोर कळायला नको.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. काय काढायचं याची यादी बनवण्याआधी काय ठेवायचं त्याची यादी. पार्टच्या प्रॉपर्टीतच एक कस्टम खूण, 'इंटरफेस' म्हणा काहीही म्हणा, ज्या पार्टला ती खूण आहे त्याला साइजचा नियमही लागू नाही आणि दिसण्याचाही नाही. फाउंडेशनची भोकं असलेली बेसप्लेट, फ्लँज, लिफ्टिंग आय, केबल एंट्रीची प्लेट, ऑपरेटर पॅनल. ही खूण मॉडेल बनवणाऱ्याने लावायची, जॉब लिहिणाऱ्याने नाही, कारण कुठला आय बोल्ट उचलायला आहे आणि कुठला नुसता पडलाय हे डिझायनरलाच माहीत. भोकांचंही तसंच. २० मिलिमीटरखालची भोकं बुजवा असा नियम लावला की फाउंडेशन बोल्टची १८ ची भोकं पण जातात, आणि सिव्हिलवाला विचारतो बोल्ट कुठे मारू. म्हणून ठेवायच्या पार्टवर फीचरचा नियमही चालवायचा नाही, तो पार्ट जसा आहे तसा जाऊ दे, दहा-पंधरा पार्ट थोडे जड राहिले तर आभाळ कोसळत नाही.

वजनाबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहितो कारण इथे लोक हमखास फसतात. आतल्या पोकळ्या भरून टाकायचा ऑप्शन सगळ्यांना आवडतो, कारण फेस एकदम कमी होतात आणि आतलं डिझाइनही लपतं. पण ३०० मिलिमीटरचा चौकोनी स्टीलचा डबा घ्या, भिंत १० मिलिमीटर, सगळीकडून बंद. खरं वजन येतं ४० किलोच्या आसपास. तोच डबा आतून भरला की २१२ किलो. घनता तीच, ७८५०, फक्त पोकळी गेली. आता असे पाच गिअरबॉक्स एका प्लॅटफॉर्मवर ठेवून कोणी स्ट्रक्चरचं लोड काढलं तर? उलटंही होतं, आतले शाफ्ट आणि गिअर काढले आणि पोकळी तशीच ठेवली तर वजन कमी दिसतं. दोन्हीवर उत्तर एकच, जॉबने मूळ असेंब्लीचं वजन आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आधी वाचून घ्यायचं आणि सिम्प्लिफाय मॉडेलमध्ये ओव्हरराइड म्हणून, म्हणजे कॅडने मोजलेल्या आकड्याऐवजी, टाकायचं. काही ओळींचा कोड. सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त मनस्ताप वाचवणारी हीच गोष्ट आहे असं माझं मत.

आता शेड्युलिंग. सॉलिडवर्क्ससोबत आणि इन्व्हेंटरसोबत टास्क शेड्युलर नावाचंच टूल येतं, त्यात कस्टम टास्क जोडता येतो. पीडीएम (डिझाइनच्या फाइली आणि त्यांच्या रिव्हिजन सांभाळणारी सिस्टीम) असेल तर अजून सोय, ऑटोडेस्क व्हॉल्टमध्ये जॉब प्रोसेसर आहे, सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये टास्क आहेत, तिथे फाइलची स्टेट बदलली की जॉब आपोआप रांगेत लावता येतो. एनएक्समध्ये रन जर्नलने खिडकी न उघडताच स्क्रिप्ट चालते, फ्रीकॅडमध्येही कन्सोल व्हर्जन आहे. आणि यातलं काहीच नसेल तर विंडोजचं टास्क शेड्युलर आहेच, बहुतेक जण तिथेच येऊन थांबतात, म्हणून त्याच्या खोड्या जरा जवळून बघू.

पहिली खोडी, लॉगइनची. टास्क बनवताना विचारतं, युजर लॉगऑन असतानाच चालवायचं की नसतानाही. सगळे 'नसतानाही' या पर्यायावर टिक करतात. झालं असं की व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजने सर्व्हिसेस युजरच्या डेस्कटॉपपासून वेगळ्या सेशनमध्ये टाकल्या, आणि लॉगऑन नसतानाचे टास्कही तसेच डेस्कटॉप न दिसणाऱ्या जागी चालतात. कॅड हे मुळात खिडकीवालं सॉफ्टवेअर. ते तिथे उघडतं, काहीतरी डायलॉग टाकतं, ओके दाबायला कोणी नाही, आणि सकाळपर्यंत तसंच उभं. तुम्हाला स्क्रीनवर काहीच दिसत नाही, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस मात्र जिवंत, रॅम खात बसलेली. म्हणून खिडकीशिवाय चालणारा मोड तुमच्या कॅडला नसेल तर या कामासाठी एक वेगळं मशीन ठेवा, वेगळा युजर, तो कायम लॉगऑन, स्क्रीन लॉक चालेल.

दुसरी, ड्राइव्हची अक्षरं. तुमच्या मशीनवर पी ड्राइव्ह म्हणजे प्रोजेक्ट सर्व्हर असेल, ते मॅपिंग तुमच्या लॉगऑनचं आहे, टास्कला ते माहीत असेलच असं नाही. पूर्ण नेटवर्क पाथ द्या. तिसरी, स्टार्ट इन चा रकाना रिकामा सोडला तर स्क्रिप्ट सिस्टीम ३२ च्या फोल्डरमध्ये उभी राहून स्वतःची कॉन्फिग फाइल शोधते. चौथी, डीफॉल्ट सेटिंग. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर टास्क सुरूच होत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा असं आधीच टिक केलेलं असतं, म्हणजे अडकलेला जॉब तीन दिवस अडकून राहू शकतो आणि आधीचा चालू असेल तर नवीन सुरू करू नका हेही डीफॉल्टच, त्यामुळे पुढच्या रात्रीचे जॉब गुपचूप वगळले जातात. तिथे तीन दिवसांच्या जागी काही तास टाका. आणि लास्ट रन रिझल्टच्या रकान्यात ऑपरेशन यशस्वी असं दिसलं म्हणून खूश होऊ नका, तुमची स्क्रिप्ट शून्य परत करून बाहेर पडली एवढाच त्याचा अर्थ, आत कॅडने काय दिवे लावले ते विंडोजला माहीत नाही.

डायलॉग अडकू नये म्हणून सायलेंट मोड असतो. इन्व्हेंटरला सायलेंट ऑपरेशन आहे, सॉलिडवर्क्समध्ये फाइल उघडताना सायलेंटचा ऑप्शन देता येतो. वापरायलाच लागतो, पण हा ऑप्शन दुधारी आहे. दिवसा फाइल सापडली नाही की कॅड विचारतं, अमुक पार्ट कुठे आहे, शोधून दे. सायलेंटमध्ये विचारायचं बंद. पार्ट नाही मिळाला? बरं, त्याच्याशिवाय पुढे. आणि जॉब बिचारा उरलेल्या असेंब्लीचं एकदम व्यवस्थित सिम्प्लिफाय मॉडेल बनवतो, सेव्ह करतो, यशस्वी म्हणून कळवतो, फक्त त्यात कन्व्हेयरचा अर्धा भाग नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. म्हणून उघडल्यानंतर पहिलं काम सिम्प्लिफाय नाही, पहिलं काम तपासणी. न सापडलेले रेफरन्स (असेंब्लीला लागणाऱ्या पार्टच्या फाइली) किती, सप्रेस केलेले (तात्पुरते बंद ठेवलेले) किती, एररमध्ये असलेले मेट किती. न सापडलेला एक जरी असेल तर त्या असेंब्लीला हात लावायचा नाही, नाव लिहून पुढची घ्यायची.

सप्रेसवरून आठवलं. असेंब्ली शेवटची कोणत्या अवस्थेत सेव्ह झाली त्यावर जॉबने विसंबू नये. डिझायनर संध्याकाळी जाताना दार उघडं ठेवून, सिलिंडर पुढे ओढून, अर्धे गार्ड सप्रेस करून सेव्ह करून जातो, त्याचं काही चुकत नाही, तो त्याचं काम करत होता. जॉबसाठी वेगळं कॉन्फिगरेशन किंवा मॉडेल स्टेट (त्याच फाइलमधली नाव दिलेली वेगळी अवस्था) ठेवा, तिला नाव असं द्या की कोणी चुकून त्यात काम करणार नाही, आणि स्क्रिप्टने नावाने तीच उघडायची. नाव सापडलं नाही तर जे आहे ते घेऊन पुढे जायचं नाही, सरळ नकार. जॉबला नकार देता येणं ही मला त्याच्या वेगापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट वाटते.

रात्री दोनला चालवायचं की तीनला यावर जी चर्चा होते ती मला नेहमी थोडी वायफळ वाटते. घड्याळाने मॉडेल बदलत नाही, माणसाने बदललं की बदलतं. पीडीएमची स्टेट रिलीज झाली की जॉब रांगेत, हेच बरोबर, काम चालू असलेल्या अर्धवट मॉडेलचं सिम्प्लिफाय कोणाला पाहिजे? रात्रीची वेळ फक्त रांग रिकामी करायला, कारण तेव्हा लायसन्स मोकळी असतात. असतात म्हणजे असायला पाहिजेत. निम्मे लोक कॅड उघडं ठेवून घरी जातात आणि फ्लोटिंग लायसन्स (सगळ्यांनी मिळून वापरायचं) अडकून पडतं, जॉबला मिळतच नाही. लायसन्स मॅनेजरमध्ये आयडल टाइमआउट लावता येत असेल तर लावा, आणि स्क्रिप्टमध्ये लायसन्स नाही मिळालं तर थोडं थांबून परत प्रयत्न, ठरावीक वेळा झाले की माघार. सर्व्हरचा बॅकअप, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन आणि विंडोज अपडेटचा रीस्टार्ट यांच्या वेळा पण बघून घ्या, आयटीवाल्यांनाही रात्रच आवडते.

पीडीएम नसेल आणि नुसती फोल्डर असतील तर बदललंय का हे ओळखायला लोक वरच्या असेंब्ली फाइलची तारीख बघतात. हे फसतं. आतल्या एका ब्रॅकेटमध्ये डिझायनरने भोक हलवलं, ब्रॅकेटची फाइल सेव्ह केली आणि बंद केली, वरची असेंब्ली त्याने उघडलीच नाही. वरच्या फाइलची तारीख महिन्यापूर्वीची, जॉब म्हणतो काही बदललं नाही, पुढे. सगळ्या रेफरन्सचं झाड खालपर्यंत चालून प्रत्येक फाइलची तारीख किंवा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) घ्यायचा, मागच्या वेळच्या यादीशी ताडायचा, एकही वेगळा निघाला तर काम. ही यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मॉडेलशेजारीच ठेवा, नंतर भांडण झालं की हे मॉडेल कशावरून बनलं ते दाखवता येतं. सब-असेंब्ली पण वेगळ्या सिम्प्लिफाय होत असतील आणि वरची त्यांचीच हलकी रूपं वापरत असेल तर आधी खालच्या, मग वरच्या, हा क्रम त्याच झाडावरून मिळतो.

आणि आता तो मुद्दा ज्याच्यामुळे लेआउटवाले तुम्हाला फोन करतात. समजा रोज रात्री जुनी फाइल उडवून त्याच नावाने नवीन बनवली. बाहेरून सगळं सारखं. सकाळी लेआउट उघडला की निम्मे मेट लाल. कारण मेट फेसला लावलेला होता आणि फेसची कॅडच्या आत जी ओळख असते ती नव्याने बनवलेल्या मॉडेलमध्ये वेगळी आहे, तुमच्या डोळ्यांना तोच फेस दिसतो, कॅडला नाही. दोन गोष्टी करायच्या. एक, टूलमध्ये मूळ असेंब्लीशी लिंक ठेवून अपडेट करायची सोय असेल तर फाइल नव्याने न बनवता आहे तीच उघडून अपडेट करा, ओळख टिकायची शक्यता जास्त. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, मेट फेसला लावायचाच नाही. मॉडेलमध्ये ठरलेल्या नावाची कोऑर्डिनेट सिस्टीम आणि दोन-तीन प्लेन ठेवा, पाय टेकतात तिथे एक, प्रत्येक पाइप कनेक्शनला एक, आणि लेआउटवाल्यांना सांगा की फक्त यांनाच पकडा. ते आधी कुरकुर करतात, फेस क्लिक करायची सवय असते. पण एकदा रिव्हिजन बदलून लेआउट तुटला नाही की गप्प बसतात.

स्पीडपॅक यात जरा वेगळं आहे, त्यात कोणते फेस खरे ठेवायचे ते तुम्हीच निवडता आणि बाकीचं नुसतं चित्र म्हणून दिसतं, त्यामुळे आपल्याच ऑफिसमधल्या मोठ्या असेंब्लीसाठी ते छान. पण ते मूळ असेंब्ली फाइलचंच एक कॉन्फिगरेशन असतं, बाहेरच्या माणसाला द्यायला नाही. बाहेर द्यायचं तर लिंक तोडलेली वेगळी फाइल किंवा स्टेप (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारा फाइलचा प्रकार). आणि लपवलेलं म्हणजे काढलेलं नाही बरं का. हाइड केलेला पार्ट कोणीही शो करू शकतो. बॉडीची नावं पण तपासा, जॉमेट्री सगळी वितळवली पण मॉडेल ट्रीमध्ये ग्राहकाचं नाव आणि आतल्या पंपाचा पार्ट नंबर जशाच्या तसा, असं होतं. नाव बदलायचा ऑप्शन टूलमध्ये असेल तर चालू करा, नसेल तर स्क्रिप्टमध्ये बॉडीवर फिरून बदलून टाका.

लांब रांग चालवायची असेल तर ठरावीक फाइली झाल्या की कॅड बंद करून परत उघडा. मेमरी पूर्ण मोकळी होत नाही, आणि बाहेरून ऑटोमेशनने उघडलेलं कॅड कधीकधी बंद झालंय असं सांगून मागे जिवंत राहतं. दर फाइलला वेळेची मर्यादा, ती ओलांडली की प्रोसेस मारायची, त्या फाइलवर शेरा, पुढची. एका हट्टी असेंब्लीपायी बाकीच्या सगळ्यांची रात्र फुकट जाता कामा नये.

तयार झालेलं मॉडेल थेट जागेवर कधीच टाकू नका. आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये, तिथे तपासणी, पास झालं तरच जुन्याच्या जागी, आणि जुनं एक पायरी मागे राखून. तपासणीत मी तीन गोष्टी मूळ असेंब्लीशी ताडतो. बाउंडिंग बॉक्स, कारण बाहेरचा आकार बदलला म्हणजे काहीतरी नको ते उडालंय, आणि एखादा बाहेर आलेला बोल्ट गेला म्हणून पाच-दहा मिलिमीटरचा फरक चालतो पण दोनशेचा नाही. इंटरफेस खूण असलेल्या पार्टची संख्या, ही अगदी तंतोतंत जुळली पाहिजे. आणि ठरलेल्या नावाच्या सगळ्या कोऑर्डिनेट सिस्टीम आहेत ना, आणि मूळ जागीच आहेत ना. फेस किती कमी झाले हा आकडा बघायला मजा येते पण त्याच्यावर पास-नापास ठरवत नाही, ९५ टक्के कमी झालेलं चुकीचं मॉडेल काय कामाचं.

सकाळच्या मेलमध्ये यशस्वी झालेल्यांची लांबलचक यादी पाठवू नका, आठवड्याभरात लोक तो मेल न उघडता डिलीट करायला लागतात. वर नापास झालेले, प्रत्येकाचं कारण एका ओळीत आणि ते कोणाच्या नावावर आहे ते. बाकीच्यांची नुसती संख्या खाली. आणि सगळं पास झालं तरी मेल गेलाच पाहिजे, नाहीतर मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे की मशीनच बंद पडलंय हे कळत नाही.

स्टेप फाइल बाहेर पाठवणाऱ्यांसाठी जाता जाता एक. नवीन स्टेप आधीच्यापेक्षा खरंच वेगळी आहे का, सप्लायरला परत पाठवायची का, हे ठरवायला काही जण फाइलचा हॅश ताडतात आणि मग रोज सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतात. स्टेप ही साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघा, वरच्या हेडरमध्ये फाइलचं नाव आणि बनवल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते. मॉडेलमध्ये रेघही बदलली नाही तरी वेळ बदलते म्हणून हॅश बदलतो. हेडर सोडून खालच्या डेटाचा हॅश घेऊन बघा, पण एक्सपोर्ट करताना आतल्या ओळींचे क्रमांक इकडचे तिकडे झाले तर तोही फसवतो. त्यापेक्षा घनफळ, सरफेस एरिया, बाउंडिंग बॉक्स आणि फेसची संख्या हे चार आकडे दर वेळी शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्यांच्या जोडीला वरची ती रेफरन्सची यादी ताडा. आकडे तेच आणि यादीही तीच असेल तर स्टेप पाठवायची गरज नाही. आकडे तेच पण यादी वेगळी असेल, तर एखादं भोक जागेवरून नुसतं सरकलेलं असू शकतं, तेव्हा ती फाइल माणसाने उघडून बघायची.